दीक्षेचं वय: नियम काय सांगतो आणि काय सांगत नाही

धर्मगुरू किंवा पाळक म्हणून दीक्षा घ्यायला किती वय लागतं, याचं उत्तर बऱ्याच चर्चच्या नियमावलीत एका ओळीत सापडतं. रोमन कॅथलिक चर्चमध्ये २५ वर्षं पूर्ण, इंग्लंडच्या चर्चमध्ये २४, ऑर्थोडॉक्स परंपरेच्या जुन्या नियमात ३०. पण हे आकडे 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतात. समोर बसलेला हा माणूस आज तयार आहे का, हे ते सांगत नाहीत, आणि मंडळीचं, म्हणजे त्या चर्चच्या लोकांचं, भलं किंवा नुकसान या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. आधी आकडे कुठून आले ते पाहू. मग वयाच्या मागे काय तपासायचं, कसं तपासायचं आणि कुठे घोटाळा होतो, ते पाहू.

तीसचा आकडा

बायबलमध्ये एकच ठरलेलं वय नाही. गणना या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात निवासमंडपाची (इस्राएली लोकांच्या फिरत्या उपासनास्थानाची) सेवा करणाऱ्या लेवी वंशातल्या पुरुषांचं वय ३० ते ५० सांगितलं आहे. आठव्या अध्यायात सुरुवातीचं वय २५ आहे. पहिल्या इतिहासाच्या तेविसाव्या अध्यायात ते २० वर येतं, आणि कारणही तिथेच दिलं आहे: निवासमंडप आता खांद्यावर वाहून न्यायचा नव्हता. काम बदललं तसं वय बदललं. पन्नाशीनंतर लेवी सेवेतून मोकळा होई, पण भाऊबंदांना हातभार लावायची मुभा त्याला होती.

नव्या करारात प्रेषित पौल आपले तरुण सहकारी तीमथ्य आणि तीत यांना लिहितो तेव्हा वय सांगतच नाही, खुणा सांगतो. नवशिका नको, कारण तो गर्वाने फुगेल. स्वतःचं घर नीट चालवणारा हवा, कारण ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार? मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं हवं. डीकनची, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकाची, आधी पारख व्हावी. कोणावरही उतावळीने हात ठेवू नयेत, म्हणजे घाईने दीक्षा देऊ नये. आणि तीमथ्याच्या त्याच पहिल्या पत्रात, तुझ्या तरुणपणामुळे कोणी तुला कमी लेखू नये, असंही आहे. तरुणाला धीर आणि घाई करणाऱ्याला तंबी, दोन्ही एकाच पत्रात. यातलं सोयीचं तेवढंच वाक्य उचलणारे वाद दोन्ही बाजूंनी होतात.

येशूने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता, असं लूक लिहितो. ३१५ च्या सुमारास भरलेल्या निओसीझरियाच्या परिषदेने हाच आधार घेतला: माणूस कितीही लायक असला तरी तिशीच्या आत त्याला प्रीस्बिटर (म्हणजे प्रीस्ट, धर्मगुरू) करू नये. ६९२ च्या ट्रुलो परिषदेने प्रीस्बिटरसाठी ३०, डीकनसाठी २५ आणि डीकनेससाठी (स्त्री डीकनसाठी) ४० ही वयं पक्की केली.

पश्चिमेकडे मात्र चर्चच्या पदांना जमिनी आणि उत्पन्न जोडलेलं होतं, त्यामुळे वयाचा नियम सर्रास मोडला जाई. जोव्हानी दे मेदिची हा फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी घराण्यातला मुलगा १४८९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी कार्डिनल झाला. पुढे १५१३ मध्ये तो दहावा लिओ म्हणून पोप निवडला गेला, तेव्हाही त्याची धर्मगुरुपदाची दीक्षा झालेली नव्हती. ती निवडीनंतर उरकण्यात आली. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये सबडीकनसाठी (डीकनच्या खालच्या पायरीसाठी) बाविसावं, डीकनसाठी तेविसावं आणि धर्मगुरूसाठी पंचविसावं वर्ष लागलेलं असावं असं ठरवलं, आणि त्याच बैठकीत धर्मप्रांतांनी (प्रत्येक बिशपच्या अखत्यारीतल्या भागांनी) सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळा, उघडाव्यात असा आदेश दिला. आमच्या मते त्या बैठकीचं मोठं काम हा दुसरा आदेश आहे. वर्षं सरतात ती आपोआप, त्या वर्षांत माणूस घडेल याची सोय मात्र कोणीतरी करावी लागते.

आजचे नियम

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत १०३१ वा नियम याबद्दल आहे. धर्मगुरूसाठी २५ वर्षं पूर्ण आणि पुरेशी परिपक्वता, दोन्ही लागतात. पुढे धर्मगुरू होणाऱ्या डीकनसाठी २३ पूर्ण, आणि डीकन ते धर्मगुरू यांत किमान सहा महिन्यांचं अंतर. कायम डीकनच राहणाऱ्यासाठी अविवाहित असेल तर २५. विवाहित असेल तर ३५ आणि पत्नीची संमती. बिशपांची परिषद आपल्या भागापुरतं हे वय वाढवू शकते. एका वर्षापेक्षा जास्त सूट हवी असेल तर ती फक्त रोमहून, म्हणजे पोपच्या कार्यालयाकडून, मिळते. बिशप होण्यासाठी वय ३५ आणि धर्मगुरू होऊन पाच वर्षं झालेली असावी लागतात. पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चची संहिता वेगळी आहे, तिच्यात धर्मगुरूसाठी २४ आहे.

अँग्लिकन परंपरेत १६६२ च्या प्रार्थनापुस्तकापासून डीकन २३, प्रीस्ट २४, बिशप ३० असा क्रम चालत आला आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वयाबरोबर लग्नाचा हिशेब येतो: लग्न करायचं तर दीक्षेआधी, नंतर नाही. त्यामुळे तिथल्या उमेदवाराला ते ठरवून मगच पुढे यावं लागतं. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बहुधा लेखी वयोमर्यादा नसते. स्थानिक मंडळी बोलावते आणि तीच पारख करते. चार्ल्स स्पर्जन हा एकोणिसाव्या शतकातला नामांकित इंग्लिश बॅप्टिस्ट प्रवचनकार वयाच्या सतराव्या वर्षी एका खेड्यातल्या मंडळीचा पाळक झाला आणि १९ व्या वर्षी लंडनला बोलावला गेला. हे उदाहरण लोक हमखास पुढे करतात. एवढंच की स्पर्जन एकच होऊन गेला, आणि नियम करायचा असतो तो बाकीच्यांसाठी.

तरुणपणी काय बिघडतं

पंचविशीतल्या माणसाला देवाबद्दल कमी कळतं असं नाही. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला तरुण वचन उलगडून सांगण्यात अनेक ज्येष्ठांपेक्षा सरस असतो. अडतं ते दुसरीकडे.

बाळ दगावलेल्या घरी गेलेला नवा पाळक पाहा. घरात बोलणं बंद आहे, आई भिंतीकडे तोंड करून बसली आहे. त्याला ती शांतता सोसवत नाही. म्हणून तो बोलू लागतो: देवाची योजना, स्वर्गातलं फूल, तुम्ही धीर धरा. हेतू चांगला असतो, पण ते शब्द त्या आईच्या मनात आयुष्यभर टोचत राहतात. दुःख जवळून पाहिलेला माणूस तिथे बसतो, आजीला पाणी देतो, दफनाची वेळ कोणाशी ठरवायची ते हळूच विचारून घेतो आणि प्रार्थना चार ओळींत संपवतो. हे पुस्तकातून येत नाही. पण त्यासाठी पन्नाशी गाठावी लागते असंही नाही. आजारी वडिलांची दोन वर्षं सेवा केलेला २६ वर्षांचा मुलगा हे जाणतो. सगळं सुरळीत गेलेला ४५ वर्षांचा माणूस कदाचित जाणत नाही.

दुसरी जागा पैशांची. एखादे सन्माननीय सभासद पाकीट पुढे करतात: "अमुक कुटुंबाला द्या, पावती नको." वयाने, पैशाने, मानाने मोठ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून तरुण पाळक पाकीट खिशात ठेवतो. सहा महिन्यांनी कमिटीत प्रश्न निघतो आणि त्याच्याकडे कागद नसतो. त्याने एक पैसाही खाल्लेला नसतो, तरी नाव खराब होतं. कामाच्या ठिकाणी हिशेब देण्याची सवय लागलेला माणूस तिथल्या तिथे म्हणतो, "खजिनदारांकडे देऊ, पावती फाटू दे."

तिसरी जागा सर्वांत धोक्याची, समुपदेशनाची. संकटात असलेली व्यक्ती पाळकाला जीव लावते आणि तरुण पाळकाला ते आपल्या सेवेचं यश वाटतं. रात्रीचे फोन वाढतात, भेटी लांबतात, दार लोटलेलं असतं. यातून घरं मोडली आहेत, दुबळ्या माणसांचं शोषण झालं आहे. वय वाढलं म्हणजे हा धोका संपला, असं अजिबात नाही. मात्र स्वतःचा एकटेपणा ओळखता येणं आणि तो वेळीच कोणाला तरी सांगता येणं, हे यायला वेळ लागतो. कॅथलिक उमेदवार ब्रह्मचर्याचं वचन डीकन होतानाच देतो, म्हणजे कधी कधी तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी. म्हणून हा विषय सेमिनरीत एका व्याख्यानात उरकून चालत नाही.

आणि स्तुती. चोविसाव्या वर्षापासून ज्याच्या पाया पडतात, ज्याला पहिली खुर्ची मिळते, ज्याचं बोलणं कोणी तोडत नाही, त्याला आपलं चुकू शकतं हे कळायचे रस्तेच बंद होतात. पौलाने नवशिक्याच्या गर्वाबद्दल लिहिलं ते यासाठीच.

उशिरा येणाऱ्यांच्या अडचणी

मग जग पाहिलेलाच माणूस घ्यावा का? चर्चने हेही करून पाहिलं आहे. ३७४ मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोझला बिशप म्हणून निवडलं तेव्हा तो प्रांताचा अधिकारी होता आणि त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठवड्याभरात तो बिशप झाला. नवशिक्याला घाईने पद देऊ नये असं ३२५ च्या निकियाच्या परिषदेने स्पष्ट सांगितलेलं असूनही हे घडलं. अँब्रोझ मोठा बिशप ठरला, पण जे आपण शिकलो नव्हतो ते शिकवायची वेळ आपल्यावर आली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. ऑगस्टिनला ३९१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या लोकांनी जवळपास धरूनच प्रीस्ट केलं. तेव्हा तो छत्तिशीत होता, नावाजलेला वक्ता होता, तरी त्याने आपल्या बिशपला पत्र लिहून पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी वेळ मागून घेतला. जगाचा अनुभव आणि मंडळीचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोघांना कळलं होतं. आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या उमेदवारांनाही ते कळायला हवं.

कंपनीत वीस वर्षं माणसं हाताळलेला गृहस्थ मंडळीत येतो तेव्हा स्वयंसेवकांना हाताखालचे लोक समजतो. पहिल्याच महिन्यात उपासनेची वेळ बदलतो, वेदीची फुलं कोणी लावायची याचं वेळापत्रक काढतो आणि तीस वर्षं फुलं लावणारी बाई येणं बंद करते. दुसरी अडचण अधिकाराची: वरिष्ठ पाळक वयाने वीस वर्षांनी लहान असतो आणि त्याच्याकडून प्रवचनातली चूक ऐकून घेणं जड जातं. तिसरी घरची. मुलांचं शिक्षण, कर्ज, जोडीदाराची नोकरी, घर हलवायची तयारी. हा विषय उमेदवाराशी एकट्याने बोलून सुटत नाही. जोडीदाराला वेगळं भेटून विचारलं पाहिजे, आणि उत्तर "त्यांना हवं आहे तर..." असं आलं, तर ते 'नाही' धरायचं.

वर्षांचं गणितही करावं लागतं. कॅथलिक धर्मग्रामाचा (एका चर्चच्या स्थानिक विभागाचा) प्रमुख ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करतो. इंग्लंडच्या चर्चमध्ये सर्वसाधारण मर्यादा ७० आहे. पंचावन्नाव्या वर्षी प्रशिक्षण सुरू केलं आणि त्यात सहा वर्षं गेली, तर हाती उरणारा काळ कमी. तो वाया जातो असं मुळीच नाही. रुग्णालय, तुरुंग किंवा वृद्धाश्रमाच्या सेवेसाठी असा माणूस फार मोलाचा असतो. फक्त त्याला कोणत्या कामासाठी घेतो आहोत, हे आधीच ठरलेलं हवं.

एक इशारा. जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं, जिवावरच्या आजारातून उठणं, यांनंतर लगेच आलेला अर्ज बाजूला ठेवावा. पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावल्याची जाणीव, खरं असू शकतं, पण दुःखालाही काम हवं असतं, आणि दोन्ही आतून सारखंच जाणवतं. दोन वर्षं थांबल्यावर खरं पाचारण तसंच उभं असतं. बाप्तिस्मा नुकताच झालेल्याचंही असंच. कॅथलिक कायद्यात बाप्तिस्मा नुकताच झालेला असणं हा दीक्षेतला अडसरच आहे, त्याची पुरेशी पारख झाल्याचं धर्मप्रांताने ठरवेपर्यंत.

पारख कशी करायची

'अनुभव' हा शब्द मोघम आहे, म्हणून निवड समितीने नेमक्या गोष्टी विचाराव्यात. आमच्या मते दीक्षेआधी उमेदवाराच्या आयुष्यात एवढं असावं: चर्चबाहेर कोणाच्या तरी हाताखाली किमान दोन वर्षं पगारी काम, एकाच मंडळीत तीन वर्षं नियमित उपस्थिती, व्यासपीठावर नव्हे तर बाकावर, एखाद्या आजारी, वृद्ध किंवा अपंग माणसाची जवळून केलेली सेवा, आणि एक तरी ठळक अपयश, ज्याबद्दल तो दुसऱ्याला दोष न देता बोलू शकतो. शेवटची गोष्ट मुलाखतीत सर्वांत जास्त सांगून जाते. "तुम्हाला कोणी सुधारलं आणि ते बरोबर निघालं, असा प्रसंग सांगा," असं विचारा. प्रसंग आठवतच नसेल, किंवा सांगता सांगता तो दुसऱ्याचीच चूक ठरवत असेल, तर थांबा.

शिफारसपत्रांवर फार भिस्त ठेवू नये. उमेदवार आपल्यावर माया करणाऱ्यांचीच नावं देतो. जुन्या वरिष्ठाला फोन करा. त्याच्यासोबत खोलीत राहिलेल्याला विचारा. सेमिनरीच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांना विचारा की हा कसा बोलतो. ज्यांच्याकडून काही मिळवायचं नसतं, त्यांच्याशी माणूस मुखवटा घालत नाही. वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी उमेदवाराच्या संमतीने व्हावी. तिचा अहवाल समितीला माहिती देतो, पण निर्णय समितीचाच असतो. मुलांच्या सुरक्षेसाठी होणारी पार्श्वभूमीची पडताळणी मात्र कोणासाठीही वगळू नये, पाळकाच्या मुलासाठीही नाही.

कॅथलिक प्रक्रियेत एक छोटा कागद आहे, त्याकडे दुर्लक्ष होतं. उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यायचं असतं की मी हे पद माझ्या मर्जीने, मोकळ्या मनाने स्वीकारतो आहे. हे पत्र ठरावीक मजकुराची नक्कल करून घेऊ नये. त्याला एकटं बसवून लिहायला सांगावं, आणि वाचताना आईचा नवस, घराण्याची परंपरा, शिक्षणाचा झालेला खर्च असं काही डोकावतं का ते पाहावं. पंचवीस वर्षांच्या मुलावर असला दबाव किती असतो, हे बाहेरून दिसत नाही.

हे सगळं डीकन होण्याआधी करायचं. कॅथलिक कायद्यानुसार पुढे धर्मगुरू होणाऱ्या डीकनला अडवायला बिशपकडे कायदेशीर कारण लागतं. नुसत्या अस्वस्थतेवर ते करता येत नाही. त्याआधी मात्र तोच कायदा उलट बाजूने बोलतो: सगळी कागदपत्रं नीट असूनही नेमक्या कारणांवरून शंका राहिली, तर बिशपने दीक्षा देऊ नये. 'जागा रिकामी आहे' हे त्या शंकेवरचं उत्तर होऊ शकत नाही, आणि बहुतेक चुकीच्या दीक्षा याच कारणाने होतात.

दीक्षेनंतरची तीन वर्षं

दीक्षा २५ व्या वर्षी द्यावी की ३५ व्या, या वादात जेवढी शक्ती जाते तिच्या निम्मी जरी पुढच्या तीन वर्षांवर खर्च झाली तरी बरेच प्रश्न सुटतील. पंचविशीत दीक्षा देण्यात गैर नाही. गैर आहे ते पंचविशीत एकट्याला मंडळी सोपवण्यात.

नव्या पाळकाने ज्येष्ठाच्या सोबतीने काम करावं, आणि सोबत म्हणजे नेमकं काय ते कागदावर असावं. पहिले दहा अंत्यविधी ज्येष्ठाबरोबर. आधी पाहणं, मग वाटून घेणं, मग ज्येष्ठ मागच्या बाकावर. वर्षभर हिशेबाच्या प्रत्येक बैठकीला हजेरी. दानपेटी नेहमी दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची, आणि धनादेशावर एकट्या पाळकाची सही कधीच नाही. समुपदेशनाची भेट दिवसा, काचेचं दार असलेल्या खोलीत, तासाच्या आत. त्याच व्यक्तीला चौथ्यांदा भेटायची वेळ आली तर आधी ज्येष्ठाला सांगायचं. पापनिवेदनातली गोष्ट अर्थातच वेगळी, ती कोणालाच सांगायची नसते. आठवड्यातून एक तास ज्येष्ठ आणि नवा दोघांनीच बसायचं, आणि त्या तासात कामाची यादी बाजूला ठेवून झोप, प्रार्थना, राग, एकटेपणा यांबद्दल विचारायचं. पहिल्या सहा महिन्यांत हा तास रद्द होऊ लागला की पुढे काहीतरी बिनसणार, हे समजून जावं.

'अजून नाही' कसं सांगायचं

तयारी नसलेल्या उमेदवाराला बहुतेक वेळा "थोडं थांबा, प्रार्थना करा" असं सांगून परत पाठवतात. हे दयाळू वाटतं, पण यात त्याचं नुकसान होतं. काय कमी आहे हे न कळल्याने तो दोन वर्षांनी तसाच परत येतो, किंवा कडवट होऊन मंडळीच सोडतो.

लेखी सांगावं. पत्रात चार गोष्टी असाव्यात: काय चांगलं दिसलं, काय कमी पडलं, उदाहरणासह, त्यासाठी काय करायचं, आणि पुन्हा कधी, कोण पाहणार. 'परिपक्वता वाढवा' असं लिहू नये. 'पुढचं वर्षभर एखादी नोकरी करा, आपल्या धर्मग्रामात आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या गटात सामील व्हा, आणि बारा महिन्यांनी आम्ही तुमच्या पाळकाशी बोलू' असं लिहावं. पत्र टपालाने न पाठवता समोर बसून द्यावं आणि त्याला ते तिथेच वाचू द्यावं, म्हणजे प्रश्न विचारता येतील. ठरलेल्या तारखेला समितीने स्वतःहून फोन करावा. दुसऱ्या वेळीही तेच उत्तर आलं, तर तिसरी मुदत न देता स्पष्ट 'नाही' सांगावं, आणि त्याच बैठकीत त्याच्यासाठी मंडळीत दीक्षेविना करता येणारं कोणतं काम आहे, ते नाव घेऊन सुचवावं.